अकरा अक्षरांचे औषध

आमच्या जंतुशास्त्र विभागाची अहवाल देण्याची खिडकी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या अंगाला आहे. दुपारी दोनच्या सुमारास तिथे गर्दी होते, कारण सकाळी वाचलेल्या प्लेट्सचे अहवाल तेव्हा छापून बाहेर पडतात. गेल्या पावसाळ्यातल्या एका दुपारी पन्नाशीच्या एक बाई त्या खिडकीशी दोन कागद शेजारी-शेजारी धरून उभ्या होत्या. त्यांचे वडील पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले, लघवीची नळी कायमची लावलेली. दोन्ही कागदांवर जंतूचे नाव एकच होते, स्यूडोमोनास एरुजिनोसा, आणि दोन्हींवर एका इंजेक्शनच्या नावासमोर ‘एस’ हे अक्षर होते. ‘एस’ म्हणजे जंतू या औषधाला दाद देतो. "मॅडम, मागच्या वेळी हेच इंजेक्शन दिलं. ताप उतरला. कोर्स पूर्ण झाला आणि आठवड्याभरात पुन्हा थंडी वाजून ताप. आता तुमचा नवा रिपोर्टही म्हणतोय की हे औषध चालतं. चालतं, तर मग तो जंतू मरत का नाही?" बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब जुळत नसलेल्या माणसाचा होता. अहवाल बरोबर आहे, नळी बदलण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला, असे मी त्यांना सांगितले. नळी बदलली आणि ताप थांबला असे पुढे कानावर आले. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहून गेला, कारण माझे उत्तर खरे असले तरी ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

ते ‘एस’ कागदावर कसे येते, ते आधी सांगायला हवे. नमुन्यातले जंतू रात्रभर 37 अंशांवर वाढवतात. सकाळी त्यांच्या चार-पाच वसाहती उचलून सलाइनमध्ये कालवतात, त्या पाण्याचा गढूळपणा ठरलेल्या मापाशी जुळवून घेतात, आणि कापसाच्या बोळ्याने ते पाणी मुलर-हिंटन अगार नावाच्या जेलीच्या प्लेटवर तीन दिशांनी सारवतात. वर औषध जिरवलेल्या कागदी चकत्या ठेवतात, टिकलीएवढ्या. दुसऱ्या दिवशी झाकण उघडले की स्यूडोमोनासची प्लेट नजरेआधी नाकाला कळते. प्लेट हुंगू नये असा नियम आहे आणि तो योग्यच आहे, पण हा वास हुंगावा लागत नाही. पिकून उतरू लागलेल्या द्राक्षांसारखा, गोड आणि किंचित उबगवाणा असा तो स्वतःहून येतो. अगारमध्ये निळसर हिरवी झाक उतरलेली असते. एखाद्या चकतीभोवती काचेसारखे स्वच्छ वर्तुळ असते, एखादीच्या कडेला जंतू अगदी भिडून वाढलेले असतात. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा, तक्त्याशी ताडायचा आणि अक्षर लिहायचे. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: प्लेटवरचा जंतू पोटभर खाल्लेला, भराभर विभागणारा, एकएकटा आणि उघड्यावर असतो. त्या बाईंच्या वडिलांच्या नळीत तो तसा नव्हता.

जंतू तोच, पण त्याची राहणी वेगळी.

मोरीच्या जाळीखालून बोट फिरवले की जी बुळबुळ लागते, ती या राहणीची सगळ्यांच्या ओळखीची खूण. चार दिवस न घासलेल्या पिंपाच्या तळाशी तीच असते, आणि रोज सकाळी दात घासण्याआधी जीभ फिरवली तर दातांवरही. डेल्फ्टच्या कापडविक्या लेवेनहुकने आपल्या दातांवरचे कीटण खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिले आणि त्यात वळवळणारे जीव मोजता न येण्याइतके आहेत, असे रॉयल सोसायटीला 1683 मध्ये कळवले. त्या निरीक्षणांतला पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. त्याने व्हिनेगरने दात धुऊन पाहिले. कीटणाच्या बाहेरच्या अंगाचे जीव मेले, पण व्हिनेगर आतपर्यंत शिरले नाही, अशी नोंद त्याने केली. जंतूंमुळे रोग होतो ही कल्पना रुजायला अजून जवळपास दोनशे वर्षे जायची होती, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या माणसाने लिहूनही ठेवले होते. पुढे विज्ञानाने काचेच्या नळीत एकएकटे पोहणारे जंतू अभ्यासायची सवय लावून घेतली आणि ही चिकटून राहणारी वस्ती जवळजवळ विसरली. कॅनडातल्या बिल कॉस्टरटन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. आज तिला आपण बायोफिल्म म्हणतो.

कधीतरी काढून टाकलेली नळी उभी चिरून पाहायला मिळते. बाहेरून ती निर्दोष दिसते. आतल्या भिंतीवर पिवळट करडा साका बसलेला असतो, चिमट्याने ओढला तर सायीसारखा एकसंध सुटणारा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात जंतूंपेक्षा मधला लगदाच जास्त दिसतो. साखरेच्या लांबच लांब साखळ्या, प्रथिने आणि मेलेल्या भाऊबंदांचे डीएनए यांपासून जंतूंनी तो स्वतःच तयार केलेला असतो. त्या लगद्यात काही औषधे अडकून पडतात. तळाच्या थरांना प्राणवायू आणि अन्न कमी मिळते, म्हणून तिथले जंतू जवळपास थांबलेले असतात. आणि आपली बहुतेक प्रतिजैविके वाढणाऱ्या जंतूच्या वाढीतच खोडा घालतात. जो वाढतच नाही त्याचे पेनिसिलिन काय बिघडवणार? डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी 1944 मध्येच दाखवले होते की पेनिसिलिनच्या माऱ्यातून मूठभर स्टॅफिलोकॉकस वाचतात, आणि वाचतात ते प्रतिकार कमावलेले नसतात. त्यांची पिल्लावळ पुन्हा त्याच औषधाने मरते. इंजेक्शन सुरू असेपर्यंत रक्तात आणि लघवीत उतरलेले जंतू मरतात, ताप जातो, औषध थांबले की साक्यातून नवी कुमक बाहेर पडते, आणि ती पुन्हा प्लेटवर ‘एस’च दाखवते. बायोफिल्ममधल्या जंतूंना मारायला मोकळ्या जंतूंच्या कित्येक पट, कधी हजारपट मात्रा लागू शकते. तेवढी माणसाला देता येत नाही. कॅलगरीत 1999 मध्ये खुंट्या असलेल्या झाकणाचे एक साधन निघाले, त्यात खुंट्यांवर बायोफिल्म वाढवून औषध तपासता येते. पण रोजच्या रुग्णालयीन कामात ते कुठे दिसत नाही. आम्ही चकत्याच ठेवतो.

म्हणून जंतूच्या जनुकाला गप्प करणाऱ्या रेणूंबद्दल वाचताना माझे लक्ष आधी एकाच गोष्टीकडे जाते: हा रेणू साक्यातल्या जंतूचे काय करतो?

कल्पना ऐकायला फार सोपी आहे. कोविडच्या लशींनंतर मेसेंजर आरएनए हे नाव चहाच्या टपरीपर्यंत पोहोचलेच आहे. चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेला जनुकातला मजकूर त्या आरएनएवर उतरतो, रायबोसोम हा पेशीतला कारागीर तो वाचतो आणि प्रथिन तयार करतो. त्या मजकुराच्या सुरुवातीलाच, वाचन जिथून सुरू व्हायचे तिथे, त्याच्याशी अक्षराला अक्षर जुळणारा एक तोकडा तुकडा नेऊन चिकटवला की रायबोसोमला बसायला जागाच उरत नाही. जनुक शाबूत राहते, आज्ञाही निघते, पण ती अमलात येत नाही. पॉल झामेकनिक आणि मेरी स्टिफनसन यांनी 1978 मध्ये 13 अक्षरांचा असा डीएनए तुकडा वापरून कोंबडीच्या पेशींतला एक विषाणू रोखून दाखवला. मग 1980 च्या दशकात लक्षात आले की जंतू स्वतःही हीच युक्ती वापरतात. आपली काही जनुके उलट्या मजकुराच्या आरएनएने आवरून धरतात. म्हणजे हे हत्यार आपण शोधून काढले असे म्हणणे थोडे धाडसाचेच आहे. माणसासाठीचे पहिले असे औषध 1998 मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तेही डोळ्यातल्या विषाणूसाठी. जंतूंविरुद्धचे एकही अजून औषधाच्या दुकानात आलेले नाही.

साधा डीएनए किंवा आरएनए जंतूच्या वाटेला पाठवला तर वाटेतली विकरे, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करतात, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी अक्षरे तीच ठेवली आणि ती ज्या कण्यावर ओवायची तो कणाच बदलला. कोपनहेगनमध्ये पीटर निल्सन, मायकेल एगहोल्म, रोल्फ बर्ग आणि ओले बुखार्ट यांनी 1991 मध्ये साखर आणि फॉस्फेट दोन्ही काढून टाकून प्रथिनांची आठवण करून देणारा कणा बसवला. तो रेणू म्हणजे पीएनए. त्याच्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे तो आरएनएला अधिक घट्ट धरतो, आणि डीएनए कुरतडणाऱ्या किंवा प्रथिने कुरतडणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या विकरांना तो ओळखता येत नाही. हे नाव माझ्या कानावर पहिल्यांदा पडले ते पुण्यात शिकत असताना, आणि ते जंतुशास्त्राच्या वर्गात नव्हे तर रसायनशास्त्रवाल्या मैत्रिणींच्या गप्पांत. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्णा गणेश आणि त्यांचे सहकारी पीएनएच्या कण्यात प्रोलिन या अमिनो आम्लासारखी वळणे घालून तो अधिक नेमका कसा जुळेल आणि पेशीत कसा शिरेल यावर वर्षानुवर्षे काम करत होते. हेच गणेश पुढे शेजारच्या आयसर या विज्ञानसंस्थेचे पहिले संचालक झाले. त्या वयात आम्हाला ते काम म्हणजे कागदावरची नक्षी वाटे. रंगीत जंतू, वास, ताप, पू असले काही नसलेले शास्त्र आम्हाला निर्जीव वाटायचे. आता वाटते की या सगळ्या प्रकरणातला खरा अडसर त्याच नक्षीत होता.

दुसरा कणा मॉर्फोलिनोचा. जेम्स समर्टन यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये तो बनवला; आरएनएच्या साखरेच्या जागी मॉर्फोलिन नावाचे सहा अणूंचे कडे. या जातीचे 30 अक्षरी औषध मुलांच्या स्नायू झिजवणाऱ्या दुशेन आजारासाठी 2016 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. जंतूंसाठी मात्र 30 अक्षरे चालत नाहीत. स्यूडोमोनाससारख्या जंतूच्या बाहेरच्या पडद्यात छिद्रे असतात, पण साधारण 600 डाल्टनहून (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) मोठा रेणू त्यांतून सहज जात नाही. आपली बरीच प्रतिजैविके त्या मापात कशीबशी बसतात. अकरा अक्षरांचा मॉर्फोलिनो त्याच्या पाच-सहा पट भरतो. लांब ठेवला तर शिरत नाही, फार तोकडा केला तर घट्ट धरत नाही, म्हणून गाडी दहा-अकरा अक्षरांवर येऊन थांबते. याचे गणित मी एकदा वहीच्या मागच्या पानावर करून पाहिले. चार अक्षरांतून 11 अक्षरी शब्द सुमारे 42 लाख तयार होतात. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या जनुकसंचात अक्षरे आहेत सुमारे 46 लाख. म्हणजे कोणताही 11 अक्षरी शब्द तिथे सरासरी एखाद्याच ठिकाणी सापडेल; निवड नेमकी होण्यासाठी अकरा अक्षरे जेमतेम पुरतात. माणसाच्या तीनशे कोटी अक्षरांत मात्र तोच शब्द सातशेहून अधिक ठिकाणी असेल. हे वाचून दचकायला होते, पण नुसता शब्द असून भागत नाही. तो वाचन सुरू होण्याच्या जागेजवळ यावा लागतो, आणि रेणू मुळात त्या पेशीत शिरावा लागतो.

शिरकाव, पुन्हा शिरकाव. रेणूला आत नेण्यासाठी त्याच्या टोकाला धन विद्युतभाराचे एक छोटे पेप्टाइड जोडतात. जंतूचा पडदा ऋणभारित असल्यामुळे ते त्याला चिकटते आणि मागचा ऐवज आत ओढून नेते. लियम गुड आणि निल्सन यांच्या गटाने 2001 मध्ये असे पेप्टाइड जोडलेला पीएनए वापरून ई. कोलायचे एसीपीपी नावाचे जनुक गप्प केले. हे जनुक पडद्याची चरबी घडवणाऱ्या कामातल्या एका वाहक प्रथिनाचे. ते बंद पडले की जंतूला नवा पडदा विणता येत नाही. जंतू मेले, आणि ज्या मानवी पेशींबरोबर ते वाढत होते त्या पेशी वाचल्या. ओरेगन स्टेट विद्यापीठातले ब्रूस गेलर आणि डॅलसमधले डेव्हिड ग्रीनबर्ग यांनी पुढे मॉर्फोलिनो घेऊन बुर्कहोल्डेरिया, ॲसिनेटोबॅक्टर असे एकेक खोडकर जंतू हाताळले. खोडकर हा शब्द मी जपून वापरते. ॲसिनेटोबॅक्टर एखाद्या अतिदक्षता विभागात एकदा घुसला की पलंगाच्या कठड्यापासून व्हेंटिलेटरच्या नळीपर्यंत कुठेही सापडतो आणि महिनोन्‌महिने निघत नाही.

मला ज्याची वाट होती ते काम 2017 मध्ये आले. गेलर आणि ग्रीनबर्ग यांच्या गटांनी स्यूडोमोनासच्या तीन अत्यावश्यक जनुकांविरुद्ध पेप्टाइड जोडलेले मॉर्फोलिनो बनवले. उंदरांच्या फुप्फुसांतली जंतूंची संख्या 24 तासांत जवळपास हजारपटीने खाली आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एसीपीपीविरुद्धच्या रेणूने बायोफिल्म तयार होणे रोखले आणि आधीच तयार झालेली बायोफिल्मही कमी केली. एक रेणू टोब्रामायसिन या जुन्या औषधाबरोबर दिला तेव्हा दोघांची बेरीज दोघांहून मोठी भरली. वाचून आनंद झाला, हे कबूल करते. पण प्लेट्स वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आनंदाबरोबर शंकाही लगेच येतात. प्रयोगशाळेतली बायोफिल्म म्हणजे एका ओळखीच्या वाणाची, प्लास्टिकवर तासांत वाढवलेली, तरणी वस्ती. सहा आठवडे अंगात असलेल्या नळीतला साका तसा नसतो. त्यात क्षार बसलेले असतात, दोन-तीन जातींचे जंतू असतात, कधी बुरशीही असते. त्या लगद्यातले डीएनए आणि साखरेच्या काही साखळ्या ऋणभारित असतात, आणि आपला रेणू तर धनभारित पेप्टाइडच्या बळावर पुढे सरकणारा; जंतूच्या पडद्यापर्यंत पोहोचण्याआधी तो वाटेतच गुंतून बसणार नाही कशावरून? आणि तळाशी जो जंतू जवळपास थांबला आहे, नवी प्रथिने घडवतच नाही, त्याची आज्ञा अडवून काय साधणार? ‘कमी केली’ आणि ‘संपवली’ यांतले अंतर या दोन प्रश्नांत आहे असे माझे मत आहे. यावर दुसरा एक विचारही आहे: अत्यावश्यक जनुकांच्या मागे न लागता, चिकटण्याची, लगदा विणण्याची किंवा आपापसांत रासायनिक निरोप देण्याची जनुके गप्प करायची, म्हणजे जंतू मरणार नाही पण मोकळा होईल, आणि मोकळ्या जंतूवर आमच्या कागदावरचे ‘एस’ लागू पडेल. हा विचार मला जास्त पटतो. अर्थात मोकळे झालेले जंतू रक्तात उतरले तर रुग्णाचे काय, हे पाहिल्याशिवाय तोही पुढे नेता येणार नाही.

त्याच वर्षी या गटांनी आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्याशी आपला संबंध थेट आहे. मूळ भारतीय असलेला एक स्वीडिश रुग्ण 2008 मध्ये दिल्लीत उपचार घेऊन परतला. त्याच्या लघवीतल्या क्लेब्सिएला या जंतूमध्ये कार्बापेनेम गटाची औषधे फोडणारे एक नवे विकर सापडले आणि त्याला नवी दिल्लीचे नाव मिळाले, थोडक्यात एनडीएम. पुढे 2010 मध्ये त्यावरून केवढे काहूर उठले ते अनेकांना आठवत असेल. आपल्या वैद्यकीय पर्यटनाची बदनामी करण्याचा डाव, असे संसदेपर्यंत बोलले गेले. नावाबद्दलचा राग मला तेव्हाही समजत होता आणि आजही समजतो. पण रागाच्या भरात बोलायचे राहिले ते हे, की आम्ही प्लेट्स वाचणारे लोक चकतीच्या कडेपर्यंत भिडून वाढलेले जंतू रोज पाहत होतो. तर या एनडीएमच्या जनुकाची सुरुवात झाकणारा मॉर्फोलिनो 2017 मध्ये तयार झाला. तो एकटा जंतूला मारत नाही. तो फक्त विकर तयार होऊ देत नाही, आणि मग मेरोपेनेम हे कार्बापेनेम गटातले औषध पुन्हा लागू पडते, उंदरांतही पडले. कोलिस्टिन या शेवटच्या औषधाला निकामी करणाऱ्या एमसीआर-1 जनुकाविरुद्धही असाच रेणू निघाला. निकामी ठरवलेली औषधे पुन्हा हाताशी येण्याची ही शक्यता मला नव्या प्रतिजैविकापेक्षाही मोठी वाटते, कारण त्या जुन्या औषधांची मात्रा, त्यांचे दुष्परिणाम, त्यांची किंमत हे सगळे आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे.

मात्र इथेच आपली खरी अडचण सुरू होते. एनडीएमवरचा रेणू एनडीएम असलेल्या जंतूवरच चालणार. स्यूडोमोनासच्या अक्षरांशी जुळवलेला रेणू क्लेब्सिएलाला शिवणारही नाही. आतड्यातले उपकारक जंतू त्यामुळे वाचतात, ही या औषधाची सर्वांत मोठी थोरवी. आणि म्हणूनच ते देण्याआधी शत्रूचे नाव-गाव ठाऊक असावे लागते. आपली पद्धत नेमकी उलट आहे. ताप आला की सरसकट चालेल असे औषध आधी, तपासणीचा नमुना नंतर, आणि पुष्कळदा नमुना नाहीच. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी नमुन्यांत काही वाढत नाही, कारण दोन प्रतिजैविके आधीच पोटात गेलेली असतात. यात डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण रक्तदाब घसरलेल्या रुग्णाशेजारी उभे राहून, आमच्या प्लेटवर वसाहत दिसेपर्यंत दोन दिवस थांबा असे कोण म्हणेल? सरकारने 2014 पासून निवडक प्रतिजैविकांसाठी एच-1 ही अनुसूची लागू केली, औषधविक्रेत्याने नोंदवही ठेवायची, चिठ्ठीची नोंद करायची. वही असते. रात्री साडेदहा वाजता ओळखीच्या दुकानात ती कितपत उघडली जाते हे वाचकांना मी सांगायला नको. अकरा अक्षरे जुळल्याशिवाय जे चालणारच नाही असे औषध या व्यवस्थेच्या हाती दिले, तर ते अंदाजाने दिले जाईल, चालणार नाही, आणि "महागडं होतं, गुण आला नाही" अशी त्याची कीर्ती होईल. जंतूचे नाव आणि त्याची प्रतिकाराची जनुके तासा-दोन तासांत सांगणारी यंत्रे आता आहेत. ती मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत आहेत. बीड-गडचिरोलीच्या वाटेवर त्यांतले एकेक गळत जाते.

जंतूंच्या बाजूनेही हिशेब मांडायला हवा. अक्षरे बदलून तो निसटेल, ही भीती पहिल्यापासून होती, आणि तिच्यावर उत्तरही तयार होते: त्याने एक अक्षर बदलले तर आपणही रेणूत एक अक्षर बदलू. प्रत्यक्षात 2012 मध्ये ई. कोलायचे जे प्रतिकारी वाण सापडले, त्यांनी अक्षरांना हातच लावला नव्हता. त्यांनी एसबीएमए नावाचे आतल्या पडद्यातले एक दारच बिघडवून टाकले होते, ज्यातून पेप्टाइड आपल्या मागचा रेणू घेऊन आत येत असे. दार बंद, मग मजकूर कोणताही असो. पेप्टाइड बदलले की दुसरे दार सापडते, हेही लवकरच दिसले, पण पेप्टाइड जितके जोमदार तितके ते आपल्याच पेशींना, विशेषतः मूत्रपिंडांना, जड जाते. म्हणून मला वाटते की या औषधाची पहिली खरी जागा शिरेतून देण्याच्या इंजेक्शनात नसावी. डायलिसिसच्या नळीत दोन सत्रांच्या मध्ये भरून ठेवायचे द्रावण, फुप्फुसात फवाऱ्याने घ्यायचे औषध, भाजलेल्या जखमेवरची पट्टी, अशा ठिकाणी रेणूला फार लांब जावे लागत नाही, मूत्रपिंडांवर भार पडत नाही, आणि बायोफिल्मही नेमकी तिथेच असते. माझ्या हातात असते तर मी तिथून सुरुवात केली असती.

पण सुरुवात कोण करणार, याचे उत्तर रसायनशास्त्राकडे नाही. प्रतिजैविक आठ-दहा दिवस घ्यायचे असते, तेही शक्यतो राखून वापरायचे. त्यात कंपन्यांना पैसा दिसत नाही. अमेरिकेतल्या अकाओजेन या कंपनीने प्लाझोमायसिन हे नवे प्रतिजैविक 2018 मध्ये मान्य करून घेतले आणि 2019 मध्ये तिचे दिवाळे निघाले. ते तर निरनिराळ्या जंतूंवर चालणारे औषध होते. एकाच जंतूवर चालणाऱ्या अकरा अक्षरांना गिऱ्हाईक त्याहून कमी. दुशेनच्या मॉर्फोलिनोची किंमत सुरुवातीला वर्षाला सुमारे 3 लाख डॉलर होती, हे लक्षात घेतले की आमच्या जनरल वॉर्डाचा विचार करायचे धाडस होत नाही. आपल्याकडे मात्र याचे एक जुने उदाहरण आहे. पेनिसिलिन परदेशातून आणणे परवडत नव्हते तेव्हा, 1954 मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. नफ्याचे गणित नंतर, औषध आधी, अशा हिशेबाने. त्या कारखान्याचे पुढे काय झाले हे पिंपरी-चिंचवडकरांना ठाऊक आहे आणि ते फारसे आनंदाचे नाही. तरीही तो हिशेब चुकीचा होता असे मला कधी वाटले नाही. पीएनएचा कणा वाकवणारी विद्या पाषाणमध्ये तीन दशके मुरलेली आहे, रेणू साखळीने विणणारी यंत्रे आपल्याकडे आहेत, आणि एनडीएम घेऊन येणारे नमुने तर रोजचेच आहेत. या तिन्हींना एका खर्चाच्या शीर्षाखाली आणणारी फाईल एखाद्या मंत्रालयात तयार झाली, तर तिला लागणारे जंतूंचे वाण आमचा विभाग उद्या द्यायला तयार आहे. उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये आम्ही ते नावानिशी, तारखेनिशी जपून ठेवले आहेत.